शोधयंत्रांची क्रमवारी आणि मजकुराचे ताजेपण

जे संकेतस्थळ वरचेवर बदलते त्याला शोधयंत्र वरचे स्थान देते, असा समज आज बराच रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे. शोधयंत्राने साठविलेली पृष्ठाची प्रत ताजी असणे ही एक गोष्ट, आणि ते पृष्ठच ताजे असणे ही दुसरी.

पहिलीचा विचार आधी करू. प्रश्न विचारताक्षणी शोधयंत्र जगभर हिंडत नाही. पूर्वी घेऊन ठेवलेल्या प्रतीच ते धुंडाळते. तेव्हा कोणत्या पृष्ठाकडे किती वेळा जावे? जे अधिक बदलते त्याकडे अधिक वेळा, असे उत्तर सहज सुचते. जुंगहू चो व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे उत्तर फसवे असल्याचे दाखविले. समजा, एक पृष्ठ दर तासाला बदलते व दुसरे दिवसातून एकदा, आणि आपल्या हाती दिवसाकाठी एकच भेट आहे. पहिल्याची प्रत सरासरी अर्धा तास खरी राहील, दुसऱ्याची बारा तास. म्हणजे ती भेट मंदगती पृष्ठाला देणेच हिताचे. अर्थात सर्व पृष्ठे सारख्याच मोलाची मानली तरच हा हिशेब खरा. वाचकांची मागणी जमेस धरली की वृत्तपत्रांची पृष्ठे पुन्हा पुढे येतात.

आता दुसरी गोष्ट. १९९८ साली ब्रिन व पेज यांनी मांडलेल्या पद्धतीत पृष्ठाचे महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरते. दुवे कालांतराने साचतात; म्हणून नवे पृष्ठ उत्तम असूनही मागे राहते. यावर गूगलने जो उपाय योजला तो सरसकट नवेपणाला झुकते माप देण्याचा नव्हे. अमित सिंघल यांच्या चमूने घडविलेली आणि २००७ साली जाहीर झालेली योजना पृष्ठाआधी प्रश्नाची परीक्षा करते: त्या विषयावर वृत्तस्थळे एकाएकी लिहू लागली आहेत काय, विचारणा वाढली आहे काय? ‘कोयना भूकंप’ हे शब्द घ्या. एरवी विचारणाऱ्यास ११ डिसेंबर १९६७ ची हकीकत हवी असते. ज्या दिवशी तेथे नवा धक्का बसतो त्या दिवशी त्याच शब्दांचा अर्थ पालटतो. नोव्हेंबर २०११ मधील सुधारणेचा परिणाम सुमारे ३५ टक्के शोधांवर होईल, असे गूगलनेच सांगितले होते. उरलेल्या ६५ टक्क्यांचा विसर मात्र लोकांना चटकन पडतो.

या विसरातूनच जुन्या लेखावर नवी तारीख चिकटविण्याची चाल पडली. ही निव्वळ लबाडी होय, आणि अभ्यासकाला तिची झळ अधिक लागते; कारण विधान कोणत्या वर्षीचे हेच त्याला कळेनासे होते. या युक्तीचा लाभही संशयास्पद आहे. गूगलने २००३ साली दाखल केलेल्या एका एकस्वाच्या अर्जात तारीख, जाहिराती व मार्गदर्शक पट्ट्या यांतील बदलांना अल्प किंवा शून्य वजन देता येईल असे म्हटले असून, काही प्रश्नांसाठी जुने लेखच अधिक उचित ठरू शकतात, हेही नमूद केले आहे. एकस्वात लिहिलेले सारे प्रत्यक्षात येतेच असे नाही, हे खरे. तथापि मजकुरात भरीव बदल न करता केवळ तारखा बदलणे गूगलच्या आजच्या मार्गदर्शनातही गैर मानलेले आहे.