मोरीपाशीं चढलेल्या पाण्याचा अंदाज

कृष्णेच्या कांठीं पावसाळ्यांत सकाळची पहिली चौकशी होते ती सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाण्याची. इ. स. १९२९ त खुल्या झालेल्या ह्या पुलापाशीं ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी तेथें ५७ फुटांवर गेलें होतें. हा आंकडा मोठ्या उपयोगाचा खरा. परंतु तो त्या पुलाचा आहे, आपल्या शेताचा नव्हे. पुलापाशीं दोन फूट पाणी चढलें म्हणजे आपल्या बांधावरही दोनच फूट चढेल असें नाहीं. नदीचा उतार, पात्राची रुंदी व मधून मिळणारे नाले ह्यांमुळें तें प्रमाण ठिकठिकाणीं बदलतें. यास्तव पाणी शेताच्या खालच्या कोपऱ्यास लागलें तेव्हां पुलाची पट्टी किती दाखवीत होती, आणि पंपघराच्या उंबऱ्यास लागलें तेव्हां किती, हें वेळेसह टिपून ठेवावें. दोन-तीन पुरांची अशी नोंद असली म्हणजे मोटार केव्हां काढावयाची व जनावरें केव्हां हलवावयाचीं हें आधीं ठरवितां येतें.

याहून अवघड प्रश्न रस्त्यांखालच्या मोऱ्यांचा. रस्त्याचा भराव नाल्यास आडवा पडतो व सारें पाणी मोरीच्या तोंडांतून जावें लागतें. तोंड अपुरें पडलें कीं वरच्या अंगास पाणी तुंबतें. उलट नदी फुगली असली तर तिचें पाणी नाल्यांतून मागें शिरतें. पीक दोन्ही प्रकारें कुजतें. परंतु पहिल्या प्रकारांत मोरी वाढविल्यानें गुण येईल. दुसऱ्यांत तो खर्च व्यर्थ. नुकसानीच्या चौकशींत नेमका हाच वाद निघतो, आणि शेतकऱ्यापाशीं बहुधा तोंडच्या शब्दाखेरीज कांहीं नसतें.

पुरावा असतो तो भरावाच्या दोन्ही अंगांस राहिलेल्या गाळाच्या रेघेंत. पूर ओसरतांच, दुसरा पाऊस ती धुऊन नेण्यापूर्वीं, तेथें खिळा ठोकावा किंवा रंगाची खूण करावी. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानें भरून दोन्ही खुणांच्या उंचींतील फरक काढावा. फरक दोन-चार बोटें निघाला तर मोरीस दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो दोन फूट निघाला तर अडथळा मोरीचाच समजावा.

खूण निवडतांना मात्र डोळस असावें. धांवतें पाणी आडव्या वस्तूवर आदळलें कीं वर चढतें: वेग सेकंदास ४ फूट असेल तर सुमारें ३ इंच, आणि ८ फूट असेल तर १ फूट. म्हणजे वेग दुप्पट, तर चढ चौपट. कांठावर ८० फुटांच्या अंतरावरील दोन झाडांमधून वाहता ओंडका १० सेकंदांत गेला, तर पृष्ठभागाचा वेग ८ फूट झाला. हें काठावर उभें राहूनच मोजावें, पाण्यांत उतरूं नये. म्हणून पुलाच्या खांबाच्या वरच्या तोंडावरील रेघ खरी पातळी दाखवीत नाहीं. झुडपावर अडकलेला कचराही फसवितो. पुरांत वांकलेली फांदी मागाहून सरळ होते व कचरा उंच नेते. भिंतीवरील ओल वर झिरपते, तिच्यापेक्षां गाळाची रेघ बरी. सर्वांत विश्वासू खूण संथ पाण्याची, बंद खोलींतली.

मोरी पुरेशी आहे कीं नाहीं हेंही ढोबळ मानानें पाहतां येतें. एक एकरावर तासास एक इंच पाऊस पडला तर त्याचें पाणी सेकंदास सुमारें १ घनफूट होतें. नाल्यास २०० एकरांचें पाणी येत असेल आणि निम्मा पाऊस जिरला असें धरलें, तरी अशी सर टिकल्यास सेकंदास १०० घनफूट पाणी येणार. (काळी जमीन आधींच तुडुंब भिजली असतां इतकाही जिरत नाहीं.) तीन फूट व्यासाच्या दोन नळ्यांचें तोंड मिळून १४ चौरस फूट, पाणी सेकंदास ६ फूट वेगानें गेलें तर ८४ घनफूट निघतें. मागें तुंबलेल्या पाण्याच्या दाबानें वेग थोडा वाढेल. परंतु तो दाब म्हणजेच वरच्या शेतांतलें पाणी. त्यांतून एक नळी उसाच्या पाचटानें बुजली तर निम्म्याहून अधिक पाणी मागें राहतें. मोरी लहान असल्याच्या पुष्कळशा तक्रारी, आमच्या मतें, मे महिन्यांतच फावड्यानें मिटण्याजोग्या असतात.

ह्या खुणा करतांना खालच्या अंगाच्या शेतकऱ्यासही बरोबर घ्यावें. मोरी रुंद झाली कीं आजवर वर तुंबणारें पाणी एकदम त्याच्या बांधावर जाणार, आणि त्याची संमति मागाहून मिळविणें फार कठीण जातें.