उंदराची महाधमनी आणि आमचे बाबा

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. तरीही यंदा स्मरणिकेत वैद्यकीय विषयावर लिहितोय, कारण गेले वर्षभर हा विषय आमच्या घरात ठाण मांडून बसलाय.

गेल्या थंडीत आई-बाबा साताऱ्याहून दोहाला आले होते. बाबांच्या पोटात दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा काही निघाला नाही, पण रिपोर्टमध्ये भलतंच निघालं. पोटातल्या महाधमनीला फुगवटा, ३.८ सेंटीमीटर! डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: सिगरेट कायमची बंद, बीपी ताब्यात आणि दर वर्षी सोनोग्राफी. बाबांनी विचारलं, "आणि गोळी कुठली?" तर म्हणे, हा फुगवटा थांबवणारी गोळी अजून नाहीच. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि एका नळीवर औषध नाही? ते काही पटेना, म्हणून वाचायला बसलो.

फुगवटा म्हणजे काय?

महाधमनी ही हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात. पोटात तिची जाडी साधारण २ सेंटीमीटर असते. ती ३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त झाली की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलची जुनी ट्यूब एकाच जागी फुगते ना, तसंच. बहुतेकांना काहीही त्रास होत नाही आणि हीच खरी मेख आहे. फुटली तर मात्र बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. थोर शास्त्रज्ञ आइनस्टाईन यानेच गेले. १९४८ मध्ये सर्जनने त्यांच्या फुगवट्याभोवती चक्क सेलोफेन गुंडाळलं होतं. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला.

आज पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंटीमीटरला ऑपरेशनचा विचार करतात. पोट उघडून कृत्रिम नळी बसवतात, नाहीतर जांघेतून आत स्टेंट सरकवतात. पण ३.८ ते ५.५ या वाटेवर काय करायचं? फक्त वाट बघायची.

उंदीर कशाला?

आमच्या धंद्यात बग दुरुस्त करायचा तर आधी तो आपल्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवावा लागतो. इथे तीच अडचण आहे. माणसाचा फुगवटा सापडतो तेव्हा तो कित्येक वर्षं जुना असतो. सुरुवात कशी झाली हे कुणी पाहिलेलंच नसतं, आणि जिवंत माणसाच्या महाधमनीचा तुकडा दर महिन्याला कापून बघता येत नाही. म्हणून उंदीर.

उंदराची महाधमनी जेमतेम एक मिलिमीटरची. तिच्यात फुगवटा आणायच्या तीन पद्धती जास्त वापरल्या जातात. पहिली, नळीला लवचिक ठेवणारं इलॅस्टिन हे प्रथिन विरघळवणारं एन्झाइम आत सोडायचं. दुसरी, बाहेरून कॅल्शियम क्लोराइड लावायचं. तिसरी पद्धत केंटकी विद्यापीठातल्या अ‍ॅलन डॉहर्टी यांच्या गटाने २००० साली मांडली. कोलेस्टेरॉल हाताळणारं एक जनुक काढून टाकलेले उंदीर घ्यायचे, त्यांच्या पाठीच्या कातडीखाली इवलासा पंप बसवायचा आणि त्यातून अँजिओटेन्सिन हे बीपी वाढवणारं हार्मोन २८ दिवस सोडत राहायचं. माणसाला जे व्हायला वर्षानुवर्षं लागतात, ते इथे चार आठवड्यांत दिसतं.

यातून पुष्कळ कळलं. नळीच्या भिंतीत सूज येते, तिथे जमलेल्या पेशी एन्झाइम सोडतात आणि ती एन्झाइम इलॅस्टिन कुरतडतात. सिगरेटचा धूर दिल्यावर उंदरांचा फुगवटा आणखी वाढतो, हेही दिसलं.

मग गाडं अडलं कुठे?

डॉक्सीसायक्लिन हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक ही कुरतडणारी एन्झाइम रोखतं. उंदरांमध्ये त्याने फुगवटा कमी झाला. सगळ्यांना वाटलं, सापडली गोळी! मग अमेरिकेत लहान फुगवटा असलेल्या सुमारे अडीचशे रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: औषध घेणारे आणि न घेणारे, दोघांचाही फुगवटा सारखाच वाढला.

टेस्ट सर्व्हरवर धावलेला प्रोग्रॅम प्रॉडक्शनवर आपटला, असं आम्ही म्हणतो. कारणं शोधली तर दिसतात. प्रयोगात औषध बहुतेकदा फुगवटा तयार होण्याआधी किंवा होतानाच देतात. बाबांसारख्यांचा तर आधीच झालेला असतो. उंदीर तरुण, माणूस सत्तरीचा. पंपाच्या पद्धतीत फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर येतो, माणसात बहुधा खाली. म्हणजे उंदीर खोटं बोलला नाही. आपण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. म्हणून आता फुगवटा तयार झाल्यावर औषध सुरू करून पाहण्यावर भर आहे. मधुमेहींमध्ये हा आजार कमी दिसतो, या निरीक्षणावरून मेटफॉर्मिनच्याही माणसांवर चाचण्या सुरू झाल्या.

आमची आठ वर्षांची लेक हे ऐकून म्हणाली, "पण बाप्पाचा उंदीर ना तो? त्याला दुखत नाही का?" दुखतं बाळा. भूल देतात, नियम असतात, तरी त्याचा जीव जातोच. म्हणूनच प्रयोग नीट आखलेला असावा, एकही उंदीर फुकट जाऊ नये, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

आपल्या हातात काय?

गोळी येईल तेव्हा येईल. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीला एकदा पोटाची सोनोग्राफी करायला बोलावतात. आपल्याकडे असं बोलावणं येत नाही, तेव्हा आपणच विचारायचं. वडील पासष्टीपुढचे असतील, कधीकाळी सिगरेट-बिडी ओढत असतील किंवा घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर पुढच्या सुट्टीत डॉक्टरांकडे विषय काढा. दुखत नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि संध्याकाळी सूक वाकिफला शिशा ओढत बसणाऱ्या मित्रांनो, हमद मेडिकल कॉर्पोरेशनचं तंबाखू सोडवणारं केंद्र इथेच दोहात आहे.

बाबांची दुसरी सोनोग्राफी परवाच साताऱ्यात झाली. ३.९. फोनवर म्हणाले, "एक मिलिमीटर फक्त! आणि वर्ष झालं, एकही सिगरेट नाही." चाळीस वर्षं आईचं ऐकलं नाही, पण एका रिपोर्टचं ऐकलं. चला, तेही नसे थोडके!