पिकअपचा टायर बदलताय? नुसती साइज नको, वजनाचा आकडाही बघा

निफाड : पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट भरले की पिकअप रातोरात कसारा घाट उतरून वाशीकडे निघते. टोमॅटो असो, कांदा असो की दूध, गावाकडचा बराचसा माल याच गाड्यांवर चालतो. गाडी आणि माल मिळून तीन टनांचा भार चार टायरांवर असतो आणि प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो. तरी दुकानात गेल्यावर प्रश्न दोनच विचारले जातात. "केवढ्याला पडंल?" आणि "जरा मोठा बसंल का?" खरा प्रश्न तिसराच आहे. हा टायर किती वजन पेलतो?

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलं आहे. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एवढं बहुतेक चालकांना माहीत असतं.

महत्त्वाचा आकडा त्याच्या पुढे असतो. तो वजनाचा सांकेतिक आकडा आहे, किलोचा नाही. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. मालवाहू टायरवर कधी दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. शेवटचं इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा दाखवतं.

फसगत इथेच होते

एकाच साइजचे टायर प्रवासी जीपसाठीही मिळतात आणि मालवाहू गाडीसाठीही. दोन्ही रिमवर बरोबर बसतात आणि दिसायलाही सारखेच असतात. जीपचा टायर बऱ्याचदा स्वस्त पडतो, म्हणून तो घेतला जातो.

आता हिशोब करू. समजा भरलेल्या गाडीचं वजन ३,००० किलो आहे. पिकअपमध्ये जास्त भार मागच्या चाकांवर पडतो. तो १,९०० किलो धरला तर मागच्या एका टायरवर ९५० किलो येतात. तिथे १०० आकड्याचा, म्हणजे ८०० किलोचा टायर बसवला तर गाडी कागदावर ओव्हरलोड नसली तरी टायर ओव्हरलोडच असतो. अशा गाडीला मागे १०८ आकड्याचा टायर पुरतो.

आणखी एक खूण आहे. टायरवर आयएसआयचा शिक्का असतो. त्यासोबत आयएस १५६३३ असेल तर तो प्रवासी कारचा टायर, आयएस १५६३६ असेल तर व्यावसायिक वाहनाचा. पैसे देण्याआधी हा नंबर मोबाइलच्या टॉर्चवर बघून घ्यावा.

'मोठा टायर, जास्त माल' हा गैरसमज

टायर मोठा केला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. एक्सल, पाटे आणि ब्रेक तेच राहतात. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांनी वाढतो. त्याचे परिणाम असे :

- मीटर ६० दाखवतो, तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने पळत असते.
- चढाला ओढ कमी पडते, गिअर लवकर खाली घ्यावा लागतो.
- तोच ब्रेक मोठं चाक थांबवतो, त्यामुळे उताराला ताण वाढतो.
- पूर्ण वळण घेताना किंवा गाडी भरल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो.

कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यालाही अडचण होऊ शकते. म्हणून आरसीवर, कंपनीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या स्टिकरवर दिलेलीच साइज घ्यावी. वजनाचा आकडा मूळ टायरएवढा किंवा त्याहून जास्त चालेल, कमी कधीच नको.

'नवीन' टायर खरंच नवीन आहे का?

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. बारीक भेगा दिसल्या, फुगा आला किंवा तार बाहेर आली तर नक्षी शिल्लक असूनही तो टायर बाद समजावा.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमानेही बाद होतो. हे मोजायला खाचांच्या मधे रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला. पावसाळ्यात अशा टायरखालचं पाणी बाहेर पडत नाही आणि ब्रेक मारला तरी गाडी घसरत जाते.

हवेचा खेळ

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी," असं अजूनही सांगितलं जातं. होतं उलटंच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्याने आतून तापते, थर सुटतात आणि टायर फुटतो. त्यावर वजन जास्त असेल तर हे आणखी लवकर घडतं. हवा सकाळी, टायर थंड असताना, स्टिकरवर दिल्याप्रमाणे भरावी. माल भरून जाताना मागच्या चाकांत जास्त हवा सांगितलेली असते, तीही बघावी. स्टेपनी विसरू नये.

दुकानात जाताना हे लक्षात ठेवा

- टायर जोडीने बदला. एकाच एक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असं नको.
- रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना कधीही लावू नका.
- ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवा घ्या. टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या.
- पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करणं अवघड जातं.
- किंमत किलोमीटरवर मोजा. समजा ६ हजारांचा टायर ३० हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला २० पैसे पडले. ८ हजारांचा ५० हजार चालला तर १६ पैसेच.

आणि टायर कितीही चांगला घेतला तरी माल पासिंगएवढाच भरावा. ओव्हरलोडला कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. एका जादा खेपेचं भाडं त्यापुढे काहीच नाही. आणि राहुड किंवा कसारा घाटात भरल्या गाडीचा टायर फुटला, तर प्रश्न भाड्याचा राहत नाही, केबिनमध्ये बसलेल्या माणसांचा होतो.