उसाच्या पानातील प्रकाशाचा प्रवास

काटेवाडीपासून भवानीनगरपर्यंतच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाविषयी असा समज सर्रास आढळतो की, पानातील हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू ऊन शोषून स्वतःच साखर तयार करतो. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नॉल्ड यांनी १९३२ मध्ये क्लोरेला या शैवालावर क्षणिक प्रकाशझोत टाकून मोजणी केली, तेव्हा ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू असल्याचे आढळले; म्हणजेच बहुसंख्य रेणू ऊर्जा टिपून केवळ पुढे सोपवतात.

हे रेणू विखुरलेले नसतात. हरितलवकाच्या पटलांत प्रथिने त्यांना ठरावीक अंतरावर व ठरावीक दिशेने धरून ठेवतात आणि अशा समूहाला प्रकाशग्राही संकुल म्हणतात. वनस्पतींत सर्वाधिक आढळणारे संकुल तीन घटकांचे असून प्रत्येक घटकात हरितद्रव्य ‘अ’चे ८, ‘ब’चे ६ आणि कॅरोटिनॉइडांचे ४ रेणू असतात. या संकुलांतून इलेक्ट्रॉन वाहतात, हाही गैरसमजच होय. प्रत्यक्षात एका रेणूची उत्तेजित अवस्था शेजारच्या रेणूकडे जाते आणि पाटाचे पाणी उताराने खाली यावे तशी ही ऊर्जा ‘ब’कडून ‘अ’कडे, तेथून अभिक्रिया केंद्राकडे, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात पोहोचते. इलेक्ट्रॉन सुटतो तो या केंद्रात. ‘प्रकाशप्रणाली दोन’मध्ये त्याची उणीव पाण्याच्या विघटनातून भरून निघते, म्हणून पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडचा नसून पाण्याचा असतो.

हिरवे पान हिरवा प्रकाश पूर्णपणे परतवते, ही समजूतही चुकीची आहे. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग सामान्यतः पानातच शोषला जातो.

उसाची रचना तर अधिकच विलक्षण आहे. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये याच पिकाच्या पानांत कार्बन स्थिरीकरणाचा जो वेगळा मार्ग उलगडला, त्यात काम दोन प्रकारच्या पेशींत वाटलेले असते. शिरांभोवतीच्या आवरण पेशींतील हरितलवकांत पाण्याचे विघटन करणारी ‘प्रकाशप्रणाली दोन’ अत्यल्प असल्याने तेथे ऑक्सिजन फारसा निर्माण होत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या रुबिस्को या विकराला त्याचा अडथळा कमी होतो.

‘जितके ऊन तितकी साखर’ हे गणितही सरसकट लागू पडत नाही. ऊस प्रखर प्रकाशाचा उत्तम उपयोग करतो हे खरे. परंतु पाण्याचा ताण पडून पर्णरंध्रे मिटली की, पेलता न येणारी ऊर्जा कॅरोटिनॉइडांच्या साहाय्याने उष्णतेच्या रूपात सोडली जाते आणि त्यामुळेच अभिक्रिया केंद्रांची हानी मर्यादित राहते.