कौल : देवापुढे मांडलेला प्रश्न

दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावऱ्हाटी, म्हणजे ग्रामदैवत, त्याचे मानकरी आणि गावातील घराणी यांना परस्परांशी बांधून ठेवणारी रूढ व्यवस्था, आजही अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि या व्यवस्थेत देवाची इच्छा जाणून घेण्याची जी रीत आहे तिला ‘कौल लावणे’ असे म्हणतात. घर बांधायला काढावे की थांबावे, विहीर कोठे खणावी, आलेले स्थळ स्वीकारावे की नाही, देवस्थानाच्या जीर्णोद्धाराला कधी आरंभ करावा, असे खाजगी आणि सार्वजनिक प्रश्न या रीतीने देवापुढे ठेवले जातात. प्रार्थनेने निर्णयाची वाट शोधण्याचा मार्ग बहुतेक सर्व धर्मांत आढळतो. मात्र त्या मार्गाला इतके सुस्पष्ट सामाजिक रूप क्वचितच मिळाले असेल, आणि म्हणूनच कौलाकडे केवळ श्रद्धेचा किंवा केवळ अंधश्रद्धेचा विषय म्हणून न पाहता अधिक बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ उद्गार किंवा दिलेले वचन असा होतो. मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला साऱ्यात सवलतीची जी लेखी हमी दिली जाई तिलाही कौल किंवा कौलनामा म्हणत, आणि निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे ‘मतदारांचा कौल’ असे लिहितात तेव्हा तोच शब्द योजतात. या तिन्ही उपयोगांत एक समान धागा आहे : ज्याला अधिकार आहे त्याने शब्द द्यावा आणि ज्याने तो मागितला त्याने त्यावर विसंबून पुढचे पाऊल टाकावे. देवाचा कौल नवसापासून वेगळा ठरतो तो याच कारणाने. नवसात भक्त देवाशी करार करतो आणि इच्छा पुरी झाल्यास काय अर्पण करीन ते सांगतो. कौलात तो प्रश्न विचारतो आणि आपल्या इच्छेविरुद्ध उत्तर आले तरी ते ऐकण्याची तयारी ठेवतो.

कौल लावण्याची पद्धत गावागणिक बदलते. सर्वसाधारणपणे देवाचा पुजारी, बहुधा गुरव, मूर्तीला किंवा पाषाणाला फुलांच्या ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा पाने चिकटवतो आणि प्रश्न उच्चारून वाट पाहतो. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार, आणि डावीकडची पडली तर डावा कौल, म्हणजे नकार, असा अर्थ लावला जातो. गोव्यातील अनेक देवळांत यालाच ‘प्रसाद लावणे’ म्हणतात. परंतु पाकळी पडण्यापूर्वी जे घडते ते या विधीचे खरे अंग होय, आणि त्याला ‘गाऱ्हाणे’ असे नाव आहे. गाऱ्हाणे म्हणजे देवाला उद्देशून मोठ्याने केलेले निवेदन : कोण आले आहे, कशासाठी आले आहे, अडचण कोणती आणि मागणे काय, हे सर्व त्यात नावानिशी सांगितले जाते, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ असा एकमुखाने दुजोरा देतात. ज्याच्या मनात गोंधळ आहे त्याला तो गोंधळ उत्तर मिळण्याआधीच शब्दांत बसवावा लागतो, तोही साक्षीदारांसमोर, आणि शब्दांत बसलेला प्रश्न पुष्कळदा अर्धा सुटलेला असतो.

सामूहिक निर्णयांत कौलाचे सामर्थ्य अधिक ठळकपणे दिसते. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जी जत्रा भरते तिला ठरावीक तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो, आणि तो जाहीर होताच मुंबईतील चाकरमानी गाडीच्या तिकिटांच्या मागे लागतात. त्याच तालुक्यातील आचरे गावात रामेश्वराच्या कौलाने काही वर्षांच्या अंतराने ‘गावपळण’ होते, म्हणजे सारे गावकरी गुराढोरांसह तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहतात. कोकणातील अनेक देवरायांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, देवळाच्या दुरुस्तीसाठी लाकूड हवे असले तरी कौल मिळाल्याविना झाडाला कुऱ्हाड लावत नसत, आणि या संयमामुळे कित्येक जुनी झाडे शतकानुशतके उभी राहिली. अशा प्रसंगी निर्णय कोणा एका घराण्याचा किंवा पुढाऱ्याचा राहत नाही, त्यामुळे कोणाची जीत झाली आणि कोणाची हार झाली हा प्रश्नच उरत नाही, आणि ज्यांचे मत वेगळे होते तेही निर्णयात सामील होऊ शकतात.

निर्णयाच्या वेळी ईश्वराकडे वळण्याच्या इतर रीती याच भूमीत शेजारी शेजारी नांदतात. नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथाचे कोणतेही पान उघडून समोर येणारे वचन त्या दिवसाची आज्ञा म्हणून स्वीकारण्याच्या रीतीला शीख परंपरेत ‘हुकुमनामा’ म्हणतात. मुसलमान समाजात ‘इस्तिखारा’, म्हणजे हित कशात आहे हे अल्लाहकडे मागणे, रूढ आहे. त्यात दोन रकात नमाज अदा करून, योजलेले काम हिताचे असेल तर ते सोपे व्हावे आणि अहिताचे असेल तर ते दूर व्हावे, अशी दुआ केली जाते. घरोघरी देव्हाऱ्यापुढे चिठ्ठ्या टाकून एक उचलण्याची रीतही याच कुळातील आहे.

या सर्व रीतींच्या पलीकडे एक अधिक खोल प्रार्थना भारतीय परंपरेत फार प्राचीन काळापासून आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील गायत्री मंत्र सवित्याकडे उत्तर मागत नाही; आमच्या बुद्धीला त्याने प्रेरणा द्यावी एवढेच मागतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात उपदेशाच्या अखेरीस श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की, या ज्ञानाचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. प्रत्यक्ष भगवंत समोर उभा असताना निर्णय मात्र अर्जुनाच्याच हाती सोपवला जातो, ही गोष्ट मार्गदर्शन मागणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानातही स्वतःसाठी काही मागितलेले नाही, आणि संत तुकारामांनी नवसाच्या व्यवहाराला रोखठोक प्रश्न विचारले; या संतांच्या दृष्टीने प्रार्थना मागणाऱ्याचे मन निर्मळ करते, आणि निर्मळ मनाला योग्य वाट दिसते.

या कसोटीवर कौलाची मर्यादाही स्पष्ट होते. दोन्ही वाटा नीतीच्या असतील आणि केवळ निवड अवघड असेल, तेथे कौल मनाला स्थैर्य देतो. परंतु जेथे ज्ञान उपलब्ध आहे तेथे ते टाळण्यासाठी देवाला पुढे करणे हा देवाचाही अवमान होय. सर्पदंश झालेल्या माणसाला रुग्णालयात न्यावे की नाही हा कौलाचा प्रश्न असूच शकत नाही, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपाय करणे हा गुन्हा ठरवला आहे; ज्या धार्मिक विधींनी कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, त्यांना मात्र तोच कायदा हात लावत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्यासाठी, मुलीच्या संमतीवाचून तिचे लग्न ठरवण्यासाठी किंवा भावकीच्या वादात एका पक्षाला झुकते माप देण्यासाठी कौलाचा आधार घेतला गेला, तर तेथे देवाच्या तोंडून माणसाचाच स्वार्थ बोलत असतो.

म्हणूनच कौल मागण्याआधी गाऱ्हाणे प्रामाणिक असणे ही पहिली अट ठरते. जो प्रश्न चार माणसांसमोर स्वच्छ शब्दांत, काहीही न लपवता उच्चारता येतो, तो देवापुढे ठेवण्यास योग्य असतो. जो उच्चारताना जीभ अडखळते त्याचे उत्तर विचारणाऱ्याला बहुधा आधीच ठाऊक असते, आणि त्यासाठी पाकळी पडण्याची वाट पाहावी लागत नाही.