टेमघरच्या गळतीला एम.टेक.ची गरज

मुळा आणि मुठा पुण्यात जिथे एकत्र येतात, तिथून जवळच १८५४ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०२२ पासून ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून राज्याचे स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाले. या दोन्ही नद्या वरच्या अंगाला मुळशी तालुक्यात अडवल्या आहेत. मुळेवर टाटांचे मुळशी धरण आहे. त्यासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले आणि १९२७ पासून त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण करते. मुठेवर टेमघर आहे, वयाने कितीतरी लहान. पण २०१६ मध्ये गळतीमुळे राज्यभर गाजले ते टेमघर. स्थापत्य अभियांत्रिकीतल्या पदव्युत्तर शिक्षणाची खरी गरज इथे दिसते. बी.ई.ला नवे बांधायचे शिकवतात. बांधलेल्याच्या पोटात काय चालले आहे हे ओळखायला पुढची दोन वर्षे लागतात.

धरणाच्या गॅलरीत झिरपलेले पाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेतून वाहू देतात आणि खाचेवरची पाण्याची उंची मोजतात. ही उंची दुप्पट झाली तर विसर्ग दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होतो. नोंदवहीत पाच सेंटिमीटरचे दहा झालेले पाहून फारसे काही घडले नाही असे मानणारा माणूस तिथे धोक्याचा आहे. भिंतीवर साचलेला पांढरा थर म्हणजे पाण्याबरोबर बांधकामातला चुना बाहेर पडतो आहे. हे पाणी किती आणि कुठून येते, पायाखालच्या बेसॉल्टच्या सांध्यांतून की दगडी बांधकामातून, हे ठरवायला छिद्रे पाडून दाबाने पाणी सोडतात आणि ते किती मुरते ते मोजतात. टेमघरच्या दुरुस्तीत ग्राउटिंग (फटींत दाबाने सिमेंटचे मिश्रण भरणे) आणि पाण्याकडच्या बाजूला शॉटक्रीट (फवारलेले काँक्रीट) असे उपाय झाले. सिमेंटचे मिश्रण किती पातळ, दाब किती, हे चुकले तर जुनी भिंत आणखी फाटू शकते. केवळ कोष्टक पाहून असे निर्णय घेता येत नाहीत.

हे सारे साइटवर अनुभवानेच येते, असा आक्षेप घेतला जातो. अनुभवाचे मोल मोठे आहे, पण धरणाची दुखणी क्वचित डोकावतात. एका अभियंत्याच्या नोकरीत ती कदाचित एकदाच येतील. दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो खरा आहे. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला बी.ई. पुरते. गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, तेवढ्यात पुण्यात राहणे कठीण. त्यामुळे अनेकांसाठी एम.टेक. म्हणजे स्पर्धा परीक्षेपर्यंतचा थांबा ठरतो. पण हा दोष अभ्यासक्रमापेक्षा सरकारी भरतीचा आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली. ती करणाऱ्याच्या पदव्युत्तर ज्ञानाला बढतीत किंमत नसेल, तर हुशार मुले दोन वर्षे का घालवतील?

खासगी संस्थांतही हा अभ्यास होतो, हे मान्य. तरी सार्वजनिक विद्यापीठाचा हक्क आणि जबाबदारी वेगळी: ही धरणे लोकांच्या जमिनीवर उभी आहेत. जलसंपदा विभागाने गळतीच्या आणि अपलिफ्टच्या, म्हणजे पायाखालून वर ढकलणाऱ्या पाण्याच्या दाबाच्या, नोंदी प्रबंधासाठी खुल्या कराव्यात, आणि सीओईपी विद्यापीठाने मुळशीतल्या एकेका धरणावर सलग, वर्षानुवर्षे प्रबंध करून घ्यावेत. १९१६ मध्ये सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र शेजारीच खडकवासल्याला आहे. मार्गदर्शन शोधायला दूर जावे लागणार नाही.