तंबूतला मुक्काम आणि चावणारे कीटक : ज्येष्ठांसाठी काही पथ्ये

पावसाळा ओसरला की सह्याद्रीच्या कुशीत, धरणांच्या काठी आणि कोकणातील बागांतून तंबूंचे मुक्काम सुरू होतात. पवना किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात केवळ तरुण मंडळीच जातात असे आता राहिलेले नाही. नातवंडांच्या आग्रहाखातर आजी-आजोबाही एखादी रात्र उघड्या आकाशाखाली काढतात. मोकळी हवा, पायी चालणे आणि घरच्यांचा सहवास या तिन्ही गोष्टी उतारवयात हितकारकच आहेत. प्रश्न असतो तो डास, चिलटे, गोचीड आणि गवतातील सूक्ष्म किडे यांचा. तरुणांच्या दृष्टीने हा दोन दिवसांच्या खाजेचा विषय असतो. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र तो थोडा गांभीर्याने घ्यावा लागतो.

वय वाढल्यावर दंश जड का जातो?

वयानुसार त्वचा पातळ व कोरडी होते. खाजवल्याने ती चटकन सोलवटते आणि त्या जखमेतून जंतूंचा शिरकाव होतो. मधुमेह असल्यास अशी जखम लवकर भरत नाही. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर घोट्याला काही चावल्याचे कळतही नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना जळू लागली, तर रक्त थांबण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती तर आपल्याला खाज सुटली आहे हेही नीट सांगू शकत नाही. ती केवळ अस्वस्थ होते. अशा वेळी सोबत्याची नजर हाच मोठा आधार ठरतो.

कोण, कोठे आणि केव्हा चावते?

हिवताप पसरवणारे डास प्रामुख्याने संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात; डेंग्यू व चिकुनगुनियाचे डास दिवसा. त्यामुळे ‘ऊन आहे, आता डास कुठले’ हा समज फसवा आहे. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी वृद्धांमध्ये कित्येक महिने रेंगाळू शकते.

गवत व झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्यांच्या अळ्यांपासून स्क्रब टायफस हा ज्वर होतो. 2018 मध्ये विदर्भात या रोगाने बळी घेतले होते. अळी इतकी लहान असते की ती दिसत नाही आणि तिचा दंश बहुधा जाणवतही नाही. दंशाच्या जागी पुढे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली धरू शकते. ती बहुधा काख, जांघ, कंबर, स्तनाखालची घडी किंवा कानामागे अशा झाकलेल्या जागी असते.

गोचिडांमुळे पसरणारा माकडताप 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले. त्याचा काळ साधारणपणे डिसेंबर ते मे असा, म्हणजे नेमका सहलींच्या हंगामातला. जंगलात माकडे मेलेली आढळल्याची वार्ता असेल, तर त्या भागातील मुक्काम रद्द करावा.

निघण्यापूर्वी

कपडे फिकट रंगाचे, सैल आणि अंगभर असावेत. फिकट रंगावर चढणारी गोचीड दिसते. पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. साडी किंवा धोतर नेसणाऱ्यांचे घोटे उघडे राहतात. त्यांनी आत घट्ट विजार व मोजे घालावेत.

डास दूर ठेवणारे मलम किंवा फवारा घेताना वेष्टनावर डीट किंवा पिकारिडिन हा घटक पाहून घ्यावा. कडुनिंबाचे किंवा सिट्रोनेलाचे तेल लावण्यास हरकत नाही, पण त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. मलम उघड्या त्वचेवरच लावावे. कपड्यांच्या आत, जखमेवर, डोळ्यांजवळ किंवा ओठांवर नको. सनस्क्रीन लावायचे असल्यास ते आधी आणि हे नंतर. डीटमुळे प्लॅस्टिक खराब होते, म्हणून हात धुतल्याखेरीज चष्म्याला किंवा श्रवणयंत्राला लावू नयेत.

मुक्कामाच्या जागी

तंबू साचलेल्या पाण्यापासून, उंच गवतापासून आणि गोठ्यापासून दूर, थोड्या उंचावर, वारा खेळेल अशा जागी असावा. वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही. जाळीचा पडदा व साखळी शाबूत आहे ना, हे उजेड असतानाच तपासावे. ज्येष्ठांनी गवतावर न बसता खुर्चीवर बसावे. ओले टॉवेल, पंचे झुडपांवर वाळत घालू नयेत, दोरी बांधावी. रात्री लघवीसाठी उठताना बूट झटकून घालावेत, बॅटरी घ्यावी आणि सोबतीला कोणाला तरी उठवावे.

बंद तंबूत मच्छर अगरबत्ती किंवा निखारे कधीही पेटवू नयेत. त्यात आगीचा धोका आहे, श्वास कोंडण्याचाही आहे. दमेकऱ्यांनी शेकोटीच्या धुरापासूनही दूर बसावे.

दंश झालाच तर

जागा साबण-पाण्याने धुवावी व थंड पाण्याची घडी ठेवावी. नखे आधीच कापलेली असावीत. चुना, टूथपेस्ट असले काही लावू नये. खाजेसाठी झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या वृद्धांना परस्पर देऊ नयेत. त्यांनी गुंगी येते, रात्री तोल जातो, गोंधळलेपणा येतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते. कोणती गोळी चालेल, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

गोचीड चिकटली असल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत धरावी आणि न पिळता, सावकाश सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल, जळती काडी यांचा प्रयोग करू नये. नंतर जागा धुऊन तारीख लिहून ठेवावी.

दंशानंतर ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे किंवा भोवळ येणे ही तातडीची लक्षणे होत. वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मोबाईलला संपर्क कोठे मिळतो आणि जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी पोहोचताच करून ठेवावी.

परतल्यानंतरचे तीन-चार आठवडे

घरी येताच साबण लावून स्नान करावे आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. सोबत्याने ज्येष्ठांची पाठ, काख, कंबर व कानामागची जागा पाहावी. ही पाहणी पुढेही अधूनमधून करावी, कारण स्क्रब टायफसची लक्षणे दंशानंतर साधारण 6 ते 21 दिवसांत दिसू लागतात.

वृद्धांना ताप नेहमीच फणफणून येतो असे नाही. अन्नावरची वासना जाणे, एकाएकी गळून जाणे, बोलण्यात विसंगती येणे एवढेच दिसू शकते आणि ते ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून दिले जाते. असे झाल्यास डॉक्टरांकडे जावे आणि ‘आम्ही अमुक तारखेला जंगलात तंबूत राहिलो होतो’ हे न विचारता सांगावे. काळी खपली आढळली असेल तर ती दाखवावी. वेळेवर ओळखल्यास डॉक्सिसायक्लिन या जुन्या व स्वस्त प्रतिजैविकाने स्क्रब टायफस बरा होतो; उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूपर्यंत धोका पोहोचतो. तपासणी होईपर्यंत तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन रोजची चालू असेल, तर ती स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

ज्येष्ठांना घरी ठेवून जाणे हा यावरचा उपाय नव्हे. अंगभर कपडे, शाबूत जाळी, एक चिमटा आणि परतल्यावर एकमेकांच्या पाठीवरून फिरवलेली काळजीपूर्वक नजर, एवढी तयारी असली तर आजी-आजोबांनीही नातवंडांसोबत तंबूतली रात्र निर्धास्तपणे अनुभवावी.